लाल गाईंच्या गावाला गेलेला तंबू

अहो, जरा बेताने! त्या निळ्या गाठोड्यावर पाय देऊ नका. ते गाठोडं म्हणजे मीच, तंबू बोलतोय. बहरीनच्या झिंज भागातल्या निकोलस तुस्कानोच्या फ्लॅटमध्ये, बाहेरच्या खोलीत, दोन सुटकेसींच्या मध्ये मला ठेवलंय. थोड्या वेळाने विमानतळावर जायचं आहे. घरातली माणसं आपापल्या धावपळीत आहेत आणि मला गप्पा मारायला वेळच वेळ आहे.

तंबू आणि मराठी कसा बोलतो, असं तुमच्या मनात आलं असेल. मी जन्माने फ्रेंच. पण वसईकरांच्या कपाटावर वर्षानुवर्षं काढल्यावर दगडसुद्धा मराठी बोलायला लागेल, मी तर साधं कापड.

माझा जन्म चौऱ्याहत्तर सालचा. उत्तर फ्रान्समधल्या एका कारखान्यात एका जाडजूड बाईने मला शिवलं. नारिंगी छप्पर, निळ्या भिंती, पुढे कापडाचं दार. शिवताना ती शेजारणीला सांगत होती, की हा कुठल्या तरी नदीकाठी गवतावर उभा राहील आणि आत पोरं दंगा करतील. ते ऐकून मी हरखून गेलो. तंबूच्या जातीला गवताची ओढ उपजतच असते.

पण नशिबात वाळू लिहिलेली असली तर कोण काय करणार? मला विकत घेतलं गास्ताँ नावाच्या इंजिनिअरने. गडी फ्रान्सच्या मधोमध असलेल्या काँताल नावाच्या डोंगराळ मुलखातला. त्याला बहरीनमध्ये नोकरी लागली आणि त्याने मला सामानात कोंबलं. माझे डोळे उघडले ते थेट साखीरच्या वाळवंटात.

बहरीनमध्ये थंडी पडली, की माणसं वाळवंटात तंबू ठोकतात. इथल्या अरबांचे तंबू म्हणजे वाडेच. आत गालिचे, लोड, चहाच्या किटल्या. त्यांच्या शेजारी मी म्हणजे ऐरावतापुढे शेळी. पण गास्ताँला माझं कौतुक होतं. दर शुक्रवारी तो मला घेऊन यायचा, पुढ्यात बसून डब्यातलं चीज खायचा आणि आपल्या गावच्या गोष्टी सांगायचा. विझलेले ज्वालामुखी, त्यांच्यावर चढलेली हिरवी कुरणं, झरे, रानवाटा, लाल रंगाच्या गाई. रस्ता असा नाहीच, म्हणून गावाचं गावपण टिकलं, असं तो म्हणायचा. ऐकून ऐकून मला तो मुलूख पाठ झाला. पाहिला मात्र नाही.

तिथेच मी वाळवंटाचे कायदे शिकलो. उत्तरेकडून शमाल नावाचा वारा सुटला, की तो माणसाला उभा राहू देत नाही. म्हणून तंबू नेहमी खळग्यात लावायचा, उंचवट्याच्या आडोशाला. भिंतींच्या खालच्या झालरीवर फावड्याने वाळू ओढायची, म्हणजे आत धूळ येत नाही. पावसाची चिंता मफी, म्हणजे अरबीत 'नाहीच'. तो वर्षातून दोनदा येतो आणि चुकून आल्यासारखा निघून जातो.

एक्याऐंशी साली गास्ताँची नोकरी संपली. शेवटचे काही दिवस तो राजधानी मनामातल्या एका हॉटेलात राहिला. त्या हॉटेलात खोल्यांची व्यवस्था बघणारा माणूस म्हणजे आमचा निकोलस. बोलायला गोड, मिशी बारीक, आणि कुणी गावाचं नाव काढलं, की उभ्याउभ्या ऐकत राहणारा. गास्ताँने त्याला काँतालच्या गोष्टी सांगितल्या, त्याने गास्ताँला वसईच्या केळीच्या वाड्यांच्या. जाताना गास्ताँने मला त्याच्या हातात ठेवलं. म्हणाला, "निकोला, हा गवतावरचा प्राणी आहे. एकदा याला घेऊन माझ्या बहिणीच्या शेतावर जा."

निकोलसने छातीला हात लावून "इंशाल्ला" म्हटलं. आखातात इंशाल्लाचे अर्थ अनेक. लवकरच, कधीतरी, आणि बहुतेक कधीच नाही.

घरी गेल्यावर निकोलसची बायको रेजिना हिने मला एकदा वर एकदा खाली न्याहाळलं. रेजिना हॉस्पिटलात नर्स. शिस्तीची, तोंडाने फटकळ, हाताने हलकी. "ह्या कापडाची चादर करू का पडदे?" तिने विचारलं. माझ्या अंगावर काटा आला. निकोलसने मला घाईघाईने कपाटावर चढवलं.

तिथून मला माणसांची एक गंमत कळली. आखातातला माणूस दोन-दोन वर्षं रजेची वाट बघतो, आणि रजा मिळाली, की ती सगळ्यांना वाटून टाकतो. त्र्याऐंशीची रजा निकोलसच्या भावाच्या, लान्सीच्या लग्नात गेली. पंच्याऐंशीची घरावर नवी कौलं घालण्यात. जाताना सुटकेसी फुगलेल्या. दुधाच्या पावडरीचे डबे, अत्तरं, साबण, मावशीला ब्लँकेट, मामाला घड्याळ. येताना माणसं थकलेली. निकोलस नात्यातली भांडणं मिटवून आलेला, रेजिना चुलीपुढे उभी राहून आलेली. आणि त्यांची एकुलती एक डॉली चुलत भावंडांच्या घोळक्यात हरवलेली. तिघं तिघांना भेटायची ती परत बहरीनला आल्यावर, आपापल्या शिफ्टमधून.

डॉली माझ्या डोळ्यांपुढे मोठी झाली. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र बहुतेक इंग्रजीत. शाळेत दुसरी भाषा घेतली तीही फ्रेंच. रेजिना म्हणायची, "घरात मराठी, बाहेर अरबी, आणि बाईसाहेब शिकतात फ्रेंच!" मला मात्र आतून गुदगुल्या व्हायच्या.

सत्त्याऐंशी साली डॉली बारावीला होती. बहरीनमध्ये पुढचं शिक्षण मिळायचं नाही. इथल्या सगळ्याच भारतीय घरांतला हा रिवाज होता. बारावी झाली, की मूल मुंबईच्या हॉस्टेलमध्ये, आईवडील इकडे. जुलैत डॉली जायची होती. त्यानंतर ती या घरात पाहुणीसारखीच येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं.

एका संध्याकाळी निकोलसने मला कपाटावरून खाली काढलं, धूळ झटकली आणि जाहीर केलं, "ह्या खेपेला रजा आपली. आपल्या तिघांची. फ्रान्सला जाऊ, डोंगरात तंबू लावू."

रेजिना म्हणाली, "डोकं फिरलंय का तुमचं? रजा म्हंजे गाव. माजी आई डोळे लावून बसलीय."

"आईकडे जाऊच गो, डॉलीला सोडायला. पण त्याच्या आधी पंधरा दिवस. तिथं पोर आपल्याला दिसते का कधी? तू चुलीपाशी, मी पंचायतीत. एकदा तरी तिघं मिळून कुठं गेलो आपण? सांग."

रेजिनाने ओला फडका घेतला आणि माझी उरलेली धूळ पुसली. शेजारच्या फ्लॅटमध्ये पुण्याचे दत्तप्रसाद नावाचे अकाउंटंट राहायचे. ते हे ऐकून पोट धरून हसले. "अहो तुस्कानो, पॅरिसला जाऊन मनोरा बघायचा सोडून शेतात झोपणार? शेत काय वसईत कमी आहे?" तरी व्हिसाच्या कामाला स्वतःच्या गाडीतून घेऊन गेले तेही तेच.

मार्चमध्ये परीक्षा संपल्यावर साखीरला माझी रंगीत तालीम झाली. निकोलसने मला खळग्यात उभं केलं, झालरीवर वाळू ओढली, आणि गास्ताँसारखाच पुढ्यात बसला. रेजिना बाहेर स्टोव्हवर चहा करत होती आणि चहाबरोबर सूचनाही. कपड्यांवर नाव शिवून घे. हॉस्टेलचं पाणी उकळून पी. उशीर झाला तर वॉर्डनला आधी सांग.

डॉली माझ्या आत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. निकोलस आत आला तेव्हा ती हळूच म्हणाली, "पप्पा, शी कान्ट वेट टु सेंड मी ऑफ. सगळं लिस्ट रेडी आहे तिचं. शी डझन्ट इव्हन फील सॅड."

"असं बोलू नये बाय," निकोलस पुटपुटला.

माझ्या भिंती काही विटांच्या नाहीत. बाहेर चहा ओतणारा हात थांबला, तो मी पाहिला. रेजिनाने सगळं ऐकलं होतं. तिने कप भरले, आत सरकवले आणि म्हणाली, "मोजे पण जास्ती घे." माझा जीव तुटला. पोर असा गैरसमज गाठीला बांधून गेली, तर तो कुठल्या रजेत सुटणार होता? पण तंबूला तोंड असतं ते फक्त आत-बाहेर जायला.

जूनमध्ये आम्ही निघालो. विमान, मग आगगाडी, मग दुसरी लहान आगगाडी, मग दिवसातून एकदाच सुटणारी बस. शेवटी एका वळणावर बसवाल्याने उतरवलं, आणि मी पिशवीच्या फटीतून पाहिलं.

गवत! पायाच्या घोट्याच्या वर पोचणारं, पिवळ्या-जांभळ्या फुलांचं, वाऱ्याने एका बाजूला कलंडणारं गवत. वर गोल डोक्याचे डोंगर. खाली खळाळणारा ओढा. गास्ताँने एक शब्द वाढवून सांगितला नव्हता. निकोलस टोपी काढून उभा राहिला. रेजिनाने पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "इथं बाथरूम कुठंय?"

गास्ताँची बहीण मादाम ओदेत गोठ्यातून रबरी बूट घालून आली. उंच, खणखणीत, हसली की कोंबड्या पळायच्या. उन्हाळ्यात तिच्या शेतावर शहरातली माणसं तंबू लावायला यायची, दिवसभर डोंगरात भटकायची. इंग्रजीचा तिला गंध नव्हता. आणि मग आमच्या डॉलीने तोंड उघडलं आणि घडाघडा फ्रेंच बोलली. रेजिना बघतच राहिली. लेकीचा अभिमान वाटला, पण तो तिने ओठांत घट्ट धरून ठेवला.

आता निकोलसचा पराक्रम ऐका. ओदेतने वरच्या सपाट जागेकडे बोट दाखवलं. निकोलसने नकाराची मान हलवली. त्याने ओढ्याजवळचा एक छानसा खळगा हेरला होता, तिन्ही बाजूंनी उंचवटा, वाऱ्याचं नाव नाही. ओदेत हातवारे करून सांगत होती, डॉली भाषांतर करत होती, "पप्पा, शी सेज नॉट देअर!" पण निकोलस मिशीवर बोट फिरवून म्हणाला, "सांग मादामला, आपण वाळवंटातले एक्सपर्ट." त्याने मला खळग्यात ठोकलं. एवढंच नाही, तर झालरीवर चारी बाजूंनी माती ओढून ती पायाने दाबली. मी एका वाडग्यात, आणि वाडग्याला झाकणही पक्कं!

अहो, हा माणूस वसईचा. चार महिने धो धो पावसात वाढलेला. पण बहरीनची वाळू डोक्यात अशी भरली होती, की पाणी उताराने वाहतं हेसुद्धा तो विसरून गेला.

पहिले दोन दिवस निभावले. गवतावर पाठ टेकायची हौस माझी फिटली. रेजिनाने सामानातून सुके बोंबील काढले आणि माझ्यापुढे निखाऱ्यावर भाजले. ओदेत धावत आली. तिला वाटलं, ओढ्याकाठी काहीतरी मेलंय. डॉली हसून हसून आडवी झाली. ओदेतने भीत भीत एक तुकडा तोंडात टाकला, चघळला, आणि घरात जाऊन आपलं जुनं चीज घेऊन आली. रेजिनाने ते नाकाशी नेलं. "देवा! ह्याच्यापुढं आपला बोंबील म्हंजे अत्तर!" मग दोघींनी एकमेकींचं सगळं संपवलं.

पण आई आणि लेक यांच्यात ती साखीरची गोष्ट तशीच होती. चालायला गेल्या तर एक पुढे, एक मागे. रेजिनाच्या सूचना चालूच, डॉलीचं "येस मम्मी" चालूच. निकोलस मध्ये मध्ये विनोद करायचा आणि दोघी विनोदाला हसायच्या, एकमेकींकडे बघून नव्हे.

तिसऱ्या दिवशी दुपारी डोंगरामागून काळे ढग आले. पाऊस असा कोसळला, की समोरचा गोठा दिसेना. सगळ्या उताराचं पाणी माझ्या खळग्याकडे निघालं. बाहेरून आत आलं, आणि झालर मातीने दाबलेली, म्हणून आतून बाहेर जाईना. चपला तरंगल्या. तांदळाची पिशवी तरंगली. डॉलीची उशी माझ्या दारातून बाहेर पडून ओढ्याच्या दिशेने निघाली.

"वसईचा माणूस तुमी!" रेजिना गुडघाभर पाण्यातून ओरडली. "खाजणात घर बांधतो का कोण? लहान पोराला पण कळते!"

"शमाल आला असता तर..." निकोलस म्हणाला.

"खड्ड्यात गेला तुमचा शमाल!"

खरं म्हणजे खड्ड्यात आम्हीच होतो. ओदेत मोठी छत्री घेऊन आली, तिघांना ओढत गोठ्यात घेऊन गेली, आणि तिच्या गड्याने मला चिखलातून उपसून गोठ्याच्या आढ्याला वाळत घातलं. म्हणून पुढचं सगळं मी वरून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

गोठा उबदार होता. गवताचा आणि दुधाचा वास. ओदेतने तिघांना आपले ढगळ स्वेटर दिले. डॉलीच्या बाह्या गुडघ्यापर्यंत. बाहेर पाऊस ओसरत होता आणि धारांची वेळ झाली होती. लाल गाई ओळीने उभ्या, शिंगं बाहेरून वर वळलेली. ओदेत बादली घेऊन एका गाईपाशी बसली आणि सड ओढू लागली. थेंब नाही. तिने मागे बघून हाक मारली. गड्याने कोपऱ्यातल्या कुंपणाचं दार उघडलं आणि एक वासरू धडपडत आलं, सरळ आईच्या कासेला. चार घोट प्यायलं तोच ओदेतने त्याला दूर केलं, गाईच्या पुढच्या पायाला बांधलं, आणि त्याच्या पाठीवर चिमूटभर मीठ चोळलं. गाय मान वळवून लेकराला चाटू लागली. आणि बादलीत दुधाची धार वाजली.

रेजिना उठून उभी राहिली. तिचा चेहराच बदलला होता.

"अगो, हे तर आमच्या वाडीसारखं!" ती म्हणाली. "आमची कपिला पण अशीच होती. वासरू लावल्याशिवाय पान्हा सोडायची नाय."

डॉलीने विचारलं, "बट व्हाय टाय द काफ देअर? पुअर थिंग, त्याला तर पिऊ पण देत नाही." ओदेतने भराभरा काहीतरी सांगितलं. डॉलीला ते नीट कळलं नाही. मग रेजिनाच सांगू लागली.

"दूध असते गो तिच्यात. भरलेली असते ती. पण लेकरू समोर दिसल्याबिगर सोडता येत नाय तिला. तू कितीपण ओढ, मार, चारा घाल. आतच अडकून राहते. जवळ पाहिजे वासरू, चाटायला तरी..."

हॉस्पिटलात माणसं मरताना पाहिलेली ही बाई, गोठ्याच्या खांबाला धरून ढसाढसा रडायला लागली. निकोलस पुढे झाला, पण तिने त्याला हाताने थांबवलं आणि डॉलीकडेच बघून बोलली.

"मी तुज्याएवढी नर्सिंगला गेले, तवा माजी आई रडत रडत रस्त्यापरत आली. माज्या डोळ्यांपुढून ते जाईना. कितीतरी महिने अभ्यास झाला नाय, जेवण गेलं नाय. म्हणून मी ठरवलं, माज्या डॉलीच्या वेळेला मी रडायची नाय. ती हसत गेली पाहिजे. आणि तुला वाटलं मला काय वाटतच नाय!"

डॉली त्या ढगळ स्वेटरसकट तिच्या अंगावर कोसळली. आणि मग, मोडकंतोडकं, पण मराठीत बोलली. "मला वाटला तुला मी नको. मला नाय जायचा तुला सोडून. पण जायचा पण आहे. दोन्ही आहे, मम्मी."

"दोन्ही असतेच गो," रेजिना म्हणाली. "मला पण दोन्ही हाय."

दोघी एकमेकींना धरून रडल्या आणि रडता रडता हसल्या. निकोलसने नाक शिंकरलं ते इतक्या जोरात, की वासरू दचकलं. आढ्यावरून माझंही पाणी गळत होतं. लोकांना वाटलं पावसाचं. वाटू दे.

ओदेत उठली, तिने स्टूल रेजिनापुढे सरकवलं आणि बादली हातात दिली. रेजिनाने डोळे पुसले, बाह्या सरसावल्या, गाईच्या पोटावर थोपटलं आणि बसली. पहिली धार वाकडी गेली, निकोलसच्या बुटावर. दुसरी बादलीत. मग हाताला आठवत गेलं. ओदेत टाळ्या वाजवून "उलाला" करत होती.

दुसऱ्या दिवशी मला वरच्या सपाटीवर लावलं. जागा रेजिनाने निवडली, निकोलस मुकाट्याने खुंट्या ठोकत होता. आणि त्यानंतर जे दिवस आले, ते आठवले की अजून माझं छप्पर ताठ होतं. सकाळी आई-लेक धारा काढायला. मग दशम्यांसारख्या जाड पावात आमलेट भरून तिघंही रानवाटांनी. झाडांवर लाल-पांढऱ्या पट्ट्या ओढलेल्या होत्या, त्या बघत चालत राहायचं. नदीत होडी वल्हवायला गेले, तर निकोलस एका बाजूने आणि रेजिना दुसऱ्या बाजूने, होडी जागच्या जागी गोल. डॉली काठावरून ओरडत होती, "एक साथ! एक साथ मारा!" एकदा ती तिघं विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर चढली. संध्याकाळी येऊन रेजिना माझ्या पुढ्यात पाय पसरून बसली आणि म्हणाली, "वर किती शांत होतं. कोणी कायपण मागत नव्हतं माज्याकडं." असं वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

जुलैत मुंबईला डॉलीला सोडलं. मी तेव्हा सामानातच होतो. हॉस्टेलच्या दारात रेजिना रडली, डॉली रडली, मग दोघींनी वॉर्डनकडे बघून एकदम डोळे पुसले. सूचना एकही दिली नाही. वसईला आईनेही विचारलं म्हणे, की रेजिना, तू ह्या खेपेला एवढी टवटवीत कशी?

परत आल्यावर झिंजचं घर फार मोठं वाटू लागलं. निकोलस सवयीने दोघींना हाक मारायचा, उत्तर एकीचंच यायचं. शुक्रवारी ट्रंक कॉल. डॉली आता मराठीतून भांडायची, आणि रेजिना ते भांडण आठवडाभर पुरवून पुरवून आठवायची.

नाताळात पोर आली. काळवंडली होती, काटक झाली होती. कॉलेजच्या मुलामुलींबरोबर सह्याद्रीतले किल्ले चढते म्हणाली. आणि काल दुपारी जेवताना हळूच विचारलं, "मम्मी, तंबू मी घेऊन जाऊ? आमच्या ग्रुपकडे एकच आहे, तो पण फाटका."

निकोलसचा घास हातात राहिला. मी कपाटावर श्वास रोखून धरला. रेजिना उठली, तिने मला खाली काढलं, आणि बाहेरच्या खोलीत सोफ्याच्या पायांना दोऱ्या बांधून उभं केलं. मग आत बसून माझी एक एक शिवण सुईदोऱ्याने पक्की केली. डॉली येऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. निकोलसने चहा केला, साखर विसरला.

आज सकाळी सुटकेसी भरून तोलल्या, तर माझ्या वजनाला जागाच उरेना. विमानातल्या सामानाचं वजन ठरलेलं. रेजिनाने कंबरेला हात लावून विचार केला, आणि सामान बाहेर काढायला लागली. दूध पावडरीचे डबे बाहेर. साबण बाहेर. अत्तरं बाहेर. मावशीचं ब्लँकेट बाहेर.

दत्तप्रसाद विमानतळावर सोडायला आले होते, ते चाटच पडले. "वहिनी, अहो गावाला काय सांगणार?"

"सांगू, तुस्कानोंची पोर डोंगरात जाते," रेजिना म्हणाली. "ब्लँकेट काय, पुढच्या खेपेला."

तर मंडळी, माझी ही अशी कथा. चौदा वर्षांचं कापड मी, जागोजाग ठिगळं, रंग उडालेला. पण उद्यापासून पुन्हा गवत, पुन्हा पोरांचा दंगा. जाता जाता एकच मागणं. रजा मिळाली, की सगळ्यांना वाटा, जरूर वाटा, पण एक तुकडा आपल्या चार भिंतींतल्या माणसांसाठी ठेवा. भिंती कापडाच्या असल्या तरी चालतील.

निकोलस सुटकेसी घेऊन खाली गेलाय आणि गाडीचा हॉर्न वाजवतोय. दत्तप्रसाद मला उचलायला वाकले, पण रेजिनाने त्यांना बाजूला केलं. ती मला दोन्ही हातांनी छातीशी धरून जिना उतरते आहे, आणि पुढे चाललेल्या डॉलीला म्हणते आहे, "सावकाश चल गो. विमान काय पळून जात नाय."